सहा जणांचा गट, काम एकटीचं

आदरणीय मॅडम,

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. आठवीचा पट ५८. प्रशिक्षणात ऐकलं म्हणून गेल्या वर्षीपासून वर्गात गट केले. सहा-सहा मुलं आणि प्रत्येक गटाला एक हुशार गटप्रमुख. ‘आरोग्य व रोग’ या धड्यावर प्रत्येक गटाला तक्ता करायला दिला. तक्ते सुंदर झाले, पण प्रत्येक गटात एखाददुसरी मुलगीच राबली. बाकीचे गप्पा मारत बसले. आवाज इतका, की शेजारच्या वर्गातले सर दोनदा दारात येऊन उभे राहिले. मग एका मुलीच्या वडिलांची चिठ्ठी आली : ‘माझी मुलगी रात्री अकरापर्यंत जागून तक्ता करते आणि गुण सहाही जणांना सारखे. तिला गटातून काढा.’ तिला विचारलं तर ती रडायलाच लागली. मुख्याध्यापक म्हणतात, पोर्शन संपवा. तपासणीला साहेब आले की विचारतात, गट कुठे आहेत? मी गटकार्य बंद करू का?

— एक विज्ञान शिक्षिका

प्रिय बाई,

त्या वडिलांचं बरोबर आहे. हे आधी मान्य करून टाकू, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. मुलगी रडली यात तिचा हळवेपणा वगैरे काही नाही. रात्री जागून केलेल्या कामाचे सहा वाटे पडले आणि एक वाटा तिला मिळाला. मोठ्या माणसांच्या कचेरीत असं झालं तर ती युनियनकडे जातात. तिला जायला जागा नव्हती, म्हणून रडली.

आता तुमचा प्रश्न. बंद करा, पण तक्ते बंद करा. गटकार्याला तुम्ही अजून हात घातलेलाच नाही, त्यामुळे ते बंद करण्याचा प्रश्न येत नाही.

तक्त्याचं काम डोळ्यांसमोर आणा. एक कार्डशीट, एक पट्टी, पाचसहा स्केचपेनं. जिचं अक्षर चांगलं ती लिहिणार. जिला चित्र जमतं ती डास काढणार. उरलेल्या चौघांनी काय करायचं? कार्डशीटचे कोपरे धरायचे. लग्नाच्या पंगतीत वाढायला दहा जण उभे असतात आणि मीठ वाढायचं राहूनच जातं, कारण प्रत्येकाला वाटतं कुणीतरी वाढलं असेल. तुमच्या वर्गातल्या चौघांनाही तसंच वाटलं, आणि त्यांचं फारसं चुकलं असं मला म्हणवत नाही.

हे माणसांचं जुनंच आहे. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. ते आकडे १९१३ मध्ये छापून आले. आठ जण मिळून ओढायला लागले, की एकट्याने ओढताना जेवढा जोर लागतो त्याच्या जेमतेम निम्मा प्रत्येकाच्या वाट्याला येत होता. पुढे १९७९ मध्ये बिब लाताने हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर हेडफोन लावून ओरडायला सांगितलं. ‘तुमच्याबरोबर आणखी पाच जण ओरडताहेत’ असं नुसतं सांगितलं, प्रत्यक्षात तो एकटाच होता, तरी आवाज खाली आला. त्यातला कुणी आळशी नव्हता. आपला आवाज वेगळा ऐकू येणार नाही हे कळलं, की घसा आपोआप सैल पडतो.

म्हणून मुलांना ‘सगळ्यांनी मिळून करा रे’ असं बजावून काही होत नाही. बदलायचं आहे ते काम. गटाला एखादं काम देण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीला हे एकटीला दिलं, तर ती चौघांपेक्षा लवकर आणि चांगलं करेल का? उत्तर ‘हो’ आलं तर ते काम गटाचं नाही. ते एकेकट्याला द्या. व्याख्या, आकृती काढून नावं देणं, गणितातली सरावाची उदाहरणं, धड्याखालचे स्वाध्याय, हे सगळं एकट्याने करायचं. गटात बसून स्वाध्याय लिहिणं म्हणजे एकाने लिहायचं आणि तिघांनी उतरवायचं. मुलांनाही हे ठाऊक असतं. आपणच ठाऊक नसल्यासारखं करतो.

तुमचाच धडा घेऊन सांगते. ‘आरोग्य व रोग’. यातले चार रोग निवडा : डेंग्यू, क्षय, कावीळ, रेबीज. मुद्दाम हेच, कारण चौघांचे मार्ग चार आहेत. एक डासातून, एक हवेतून, एक दूषित पाण्या-अन्नातून आणि एक चाव्यातून. प्रत्येक रोगाचा अर्ध्या पानाचा मजकूर तयार करा : कसा पसरतो, लक्षणं काय, घरच्यांनी काय करायचं. वर्गात बाकांच्या चार रांगा असतील असं धरते. एका रांगेला एकच रोग. शेजारी-शेजारी बसलेल्या दोघा-तिघांनी तो मजकूर वाचायचा, एकमेकांना प्रश्न विचारायचे आणि आपल्याला हा रोग दुसऱ्याला समजावून सांगता येईल अशी तयारी करायची. दहा मिनिटं. जागेवरून कुणी उठायचं नाही.

पुस्तकं मात्र या वेळी दप्तरात गेली पाहिजेत. पुस्तक उघडं असलं तर चारही रोग प्रत्येकासमोर असतात, मग कुणाला कुणाची गरज कशाला लागेल? सगळा खेळ त्या गरजेवर चालतो.

मग रांगेतल्या मुलांना क्रमांक द्या. चारही रांगांतले एक नंबरवाले एकत्र, दोन नंबरवाले एकत्र, असे गट बसवा. ५८ मुलांत चार-चारचे बारा आणि पाच-पाचचे दोन गट होतात. आता प्रत्येक गटात प्रत्येक रोगाचं एक माणूस आहे. गैरहजेरीमुळे एखाद्या गटात क्षयवाला नसेल तर पाचांच्या गटातला जास्तीचा तिकडे पाठवा. बाजाराच्या दिवशी हे होणारच, घाबरू नका.

या गटाला कामाचा कागद द्यायचा, तो असा काहीतरी. एका वाडीत एकाच आठवड्यात चार घरी आजारपण आलं. पहिल्या घरी दारात पाण्याची उघडी पिंपं, मुलाला सणसणून ताप, डोळ्यांच्या मागे दुखतंय. दुसऱ्या घरी आजोबांना तीन आठवडे खोकला, वजन उतरलंय, रात्री घाम येतो. तिसऱ्या घरी सुनेचे डोळे पिवळे, आणि त्या घरचा नळाचा पाइप गटारातून आलाय. चौथ्या घरी पोराला काल कुत्रा चावला, घरच्यांनी जखमेत हळद भरून पोराला खेळायला सोडलंय. आरोग्यसेविका एकटी आहे. तिने आधी कोणत्या घरी जावं? प्रत्येक घरी काय सांगावं? आणि वाडीतल्या बाकीच्यांसाठी फळ्यावर दोनच सूचना लिहायच्या तर कोणत्या?

यावर भांडण होतं, आणि ते व्हायलाच हवं. डेंग्यूवाला म्हणणार ताप जास्त, आधी तिकडे. क्षयवाला म्हणणार आजोबा अख्ख्या घराला देतील. कुत्र्याचं चावणं बहुतेक मुलं शेवटी ठेवतात, कारण ते पोर धडधाकट दिसतंय. तेवढ्यात रेबीजवाल्याने सांगायला हवं, की लक्षणं दिसायला लागल्यावर हा रोग जवळपास नेहमीच जीव घेतो. म्हणून आत्ताच साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटं धुवायची आणि लस आजच घ्यायची. तो बोलला नाही तर गटाचं उत्तर चुकतं. वर्गातली हुशार मुलगी क्षयवाली असेल, तर या एका बाबतीत तिला त्याच्याकडे पाहावंच लागतं.

ही पद्धत माझी नाही. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने ती १९७१ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरातल्या शाळांसाठी बसवली. तिथे गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात आणलं होतं आणि वातावरण तापलेलं होतं. अ‍ॅरन्सन आणि त्याचे विद्यार्थी वर्गात जाऊन बसले, तर त्यांना दिसलं ते आपल्याही रोजच्या पाहण्यातलं : बाई प्रश्न विचारतात, सहा हात वर जातात, एकाचं नाव घेतलं की पाच चेहरे पडतात. त्याने धड्याचे तुकडे केले आणि प्रत्येक मुलाच्या हातात एक दिला. एका गटातला मेक्सिकन मुलगा इंग्रजी बोलताना अडखळायचा, म्हणून बाकीचे त्याची टर उडवायचे. त्यांना कुणी नीतिपाठ दिला नाही. एवढंच सांगितलं, की याच्याकडे जे आहे त्यावर थोड्या वेळात चाचणी आहे. तेव्हा पोरं त्याला नीट प्रश्न विचारायला लागली. आपल्याकडे ऊसतोडीवरून मधूनच वर्गात परतलेलं मूल असतं, घरी गोरमाटी किंवा पावरी बोलणारं मूल असतं. त्यांच्यासाठी हे ऐकून ठेवा.

गुणांचं म्हणाल तर गटाला गुण देणं आजपासून थांबवा. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांत गटकार्य मोडतं हे खरं, पण नोंद शेवटी एकेका मुलाच्या नावापुढेच होते, आणि एका तक्त्यावरून सहा नोंदी करणं म्हणजे पाच नोंदी अंदाजाने करणं. वरचं वाडीचं काम झालं की पाच मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर तीन प्रश्नांची उत्तरं एकट्याने लिहायची, आणि त्यातले दोन प्रश्न त्याच्या स्वतःच्या रोगाचे नसावेत. दुसऱ्यांचं नीट ऐकलं का, हे त्यातूनच कळतं. ५८ चिठ्ठ्या तपासायला मधली सुट्टी पुरते.

यात थोडा पुढे गेलेला माणूस म्हणजे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉबर्ट स्लॅव्हिन. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : गटाला मिळून गाठायचं काहीतरी हवं आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा हवा. दोन्ही असेल तरच शिकणं होतं, एकट्या एकाने भागत नाही. त्यांच्या पद्धतीत मुलं तयारी एकत्र करतात, चाचणी एकेकट्याने देतात आणि गटाची बेरीज होते ती प्रत्येकाने स्वतःच्या आधीच्या गुणांपेक्षा किती सुधारणा केली त्यावर. म्हणजे नेहमी वीसपैकी सहा घेणाऱ्याने दहा घेतले, तर तो गटाला हुशार मुलीइतकंच, कदाचित तिच्याहून जास्त मिळवून देतो. ही बेरीज नोंदवहीत नेऊ नका. फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, टाळ्या वाजवा, पुसून टाका.

आता ज्यावर तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीत, त्यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे. ‘प्रत्येक गटाला एक हुशार गटप्रमुख.’

ही गटप्रमुखाची सवय आपल्या शाळांत फार जुनी आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री मद्रासच्या लष्करी अनाथाश्रमात मुलांना शिकवत होता. गावशाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याने पाहिली, मोठ्या मुलांकडून धाकट्यांना शिकवून घ्यायला सुरुवात केली आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तिका काढली. मग ‘मद्रास पद्धत’ या नावाने ती इंग्लंडभर गेली. कमी पैशांत, एका मास्तराच्या जिवावर शेकडो मुलं सांभाळायची ती युक्ती होती. आपल्या वर्गातला मॉनिटर त्याच घराण्यातला. मुलं गप्प ठेवायला मॉनिटर ठीक आहे. पण गटाला मॉनिटर दिलात, की गटातल्या बाकीच्यांना तुम्ही जाहीर करून टाकता : विचार करणारं माणूस हे, तुम्ही ऐका.

स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ कोहेन यांनी आयुष्यभर याच गोष्टीचा पिच्छा पुरवला. वर्गात कोण हुशार, कोण ढ, याची एक उतरंड प्रत्येक मुलाच्या डोक्यात असते. वरचा बोलतो, खालचा ऐकतो. गटात जो जास्त बोलतो तो जास्त शिकतो. म्हणजे गट करून सोडून दिलं तर आधीच पुढे असलेलाच आणखी पुढे जातो. आपल्या वर्गात ही उतरंड नुसत्या गुणांवर ठरत नाही. कुणाचे वडील सरपंच, कुणाची आई त्यांच्याच शेतात खुरपायला जाते, कोण कुठल्या आळीतून येतं, हे आठवीतल्या पोरांना आपल्यापेक्षा पक्कं ठाऊक असतं. जात म्हणतेय मी, स्पष्टच. गटात डबा लांब सरकतो, कागद एकाच्या हातात जात नाही, एखाद्याचं उत्तर ऐकून न ऐकल्यासारखं होतं. फिरताना उत्तरं बरोबर आहेत का हे नंतर पाहा, आधी कागद कुणाच्या हातात आहे ते पाहा.

मुलींचंही तसंच. अक्षर चांगलं म्हणून मुलगी लिहिते, आणि सादरीकरणाची वेळ आली की मुलगा उठून वाचतो. नव्वद टक्के वर्गांत असंच होतं असं आकडा लावून सांगत नाही, पण पुढच्या वेळी तुमच्याच वर्गात मोजा. उपाय साधा आहे. लिहिणाऱ्याने स्वतःचं काही लिहायचं नाही, दुसऱ्याने सांगितलेलं लिहायचं. गट बसले की प्रत्येक गटात एक ते चार असे नव्याने नंबर द्यायचे आणि सादर कोण करणार हे शेवटपर्यंत गुप्त ठेवायचं. ‘तीन नंबर उठा’ म्हटलं की प्रत्येक गटातला तिसरा उठतो. आपलं नाव येऊ शकतं हे माहीत असलं की गटही त्या तिसऱ्याला तयार करतो. त्याला येत नसेल तर तिथेच उभं करून ठेवू नका. ‘गटाला एक मिनिट देते, परत सांग’ म्हणा.

आणि एक गोष्ट जाणूनबुजून करा. खालच्या पायरीवरच्या मुलाने एखादी खरी गोष्ट केली की ती सगळ्यांसमोर, नेमक्या शब्दांत बोलून दाखवा. ‘छान’ नको. ‘पिंपातलं पाणी आठवड्याला ओतून पिंप घासलं पाहिजे, नुसतं झाकून भागत नाही, हे याने सांगितलं, ते बाकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं,’ असं. डासाची अंडी पिंपाच्या कडेला चिकटून राहतात, ती नुसतं पाणी ओतून जात नाहीत. हे पुस्तकापेक्षा घरी पिंपं घासणाऱ्या पोराला चटकन पटतं. खोटं कौतुक मात्र करू नका, मुलांना वास येतो.

गट चारचा करा, सहाचा नको. सहात दोघं लपतात. गट तुम्ही करा, मुलांवर सोडलंत तर आळीप्रमाणे बसतील. मिश्र गट करायचा असेल तर दोन मुली, दोन मुलगे. तीन मुलग्यांत एकटी मुलगी बसवू नका, ती तोंड उघडत नाही. तुमच्या गावात एकत्र बसवण्यावर पालकांची कुरकुर असेल तर पहिले काही आठवडे दोन बाक समोरासमोर वळवून भागवा, त्यावरून लढाई कशाला. आणि भांडण झालं की लगेच गट मोडू नका. महिनाभर तोच ठेवा.

त्या मुलीकडे येते. तिला ‘तू हुशार आहेस, बाकीच्यांना समजावून सांग’ असं कुणी म्हटलं असेल, तर तेही अर्धवटच आहे. नोरीन वेब या अमेरिकी शिक्षण-संशोधक. त्यांनी वर्षानुवर्षं गटांतली बोलणी टिपली. समजावून सांगणाऱ्याचा फायदा होतो, पण कसं, का, हे उलगडून सांगितलं तरच. ‘लिही, ४५ अंश’ असं नुसतं उत्तर फेकलं तर देणाऱ्याला काही मिळत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. तेव्हा वर्गाचा नियम करा : उत्तर मागायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. ‘तू कुठे अडलास?’ एवढंच विचारायचं. आणि मुलीला स्वतंत्रपणे सांगा, की दुसऱ्याचं काम करून देणं ही तुझी जबाबदारी नाही, कुणी मागितलं तर मला सांग. आठवीतल्या मुलीला ‘नाही’ म्हणायला आपली परवानगी लागते. घरी तिला ती क्वचितच मिळते.

घरी करायचा गटप्रकल्प तर देऊच नका. रात्री अकराचं जागरण तिथूनच आलं. एस.टी.ने येणारी मुलं शाळा सुटल्यावर कुठे भेटणार? मुलींना दुसऱ्यांच्या घरी कोण पाठवणार? मग एकीच्या घरी कार्डशीट जाते, वडील सायबर कॅफेतून चित्रांच्या प्रिंट आणतात आणि आई डिंक लावते. त्या वडिलांच्या चिठ्ठीतला राग थोडा या प्रिंटच्या खर्चाचाही असेल. जे गटाने करायचं ते शाळेत, तुमच्या डोळ्यांदेखत.

पोर्शनची काळजी रास्त आहे. वाडीच्या कागदासारखं मोठं काम महिन्यात दोनदा, एखाद्या जोड तासाला. रोजच्या तासाला दोन मिनिटांची जोडी पुरते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९१ च्या सुमारास हे भल्यामोठ्या वर्गात केलं, त्यामुळे ५८ चा आकडा आड येत नाही. ‘बल व दाब’ शिकवताना उत्प्लावक बल झालं की विचारा : काठोकाठ पाणी भरलेल्या पेल्यात बर्फाचा खडा तरंगतोय. तो वितळला तर पाणी सांडेल, पातळी उतरेल, की तेवढीच राहील? प्रत्येकाने आधी गप्प राहून ठरवायचं. मग छातीशी हात धरून एक, दोन किंवा तीन बोटं दाखवायची, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही आणि तुम्हाला दिसतं. जवळपास सगळे बरोबर असतील तर पुढे जा. फारच थोडे बरोबर असतील तर पुन्हा शिकवा. मधले असतील, माझूर यांच्या हिशेबाने तीस ते सत्तर टक्के, तर शेजाऱ्याला पटवायला दोन मिनिटं द्या आणि पुन्हा बोटं बघा. (पाणी सांडत नाही. ‘सांडेल’ म्हणणारे बरेच निघतील. तरंगणारा बर्फ आपल्याच वजनाइतकं पाणी बाजूला सारतो आणि वितळून तेवढंच पाणी होतो, हे त्यांना शेजाऱ्याकडून ऐकू द्या.) यात बाक हलत नाहीत, तास मोडत नाही, आणि ५८ पैकी ५८ जणांनी काहीतरी ठरवलेलं असतं.

आवाजाचं थोडक्यात. शेजारच्या सरांना आदल्या दिवशी जाऊन सांगा, ‘उद्या चौथ्या तासाला माझ्याकडे गलका होईल, पंचवीस मिनिटं.’ न सांगता झालेला गोंगाट त्यांना बेशिस्त वाटतो, सांगून झालेला उपक्रम वाटतो. वर्गासाठी एक खूण ठरवा : तुम्ही हात वर केला की पाहील त्याने हात वर करायचा आणि गप्प व्हायचं. आधी खुणेचा सराव घ्या, मग काम द्या. आणि वेळ फळ्यावर लिहा. ‘झालं का रे’ असं विचारत राहिलं तर काम कधीच होत नाही.

साहेबांचं काय? साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे तिथल्या शाळासमूहातल्या, मुलं स्वतः करून शिकतात म्हणून गाजलेल्या शाळा पाहायला एके काळी राज्यभरातून शिक्षक गेले. बरेच जण फरशीवरची रंगवलेली वर्तुळं आणि गोल बसलेली मुलं तेवढी घेऊन आले. तपासणीलाही तेवढंच दिसतं. तुम्ही चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवा. साहेबांनी गट कुठे म्हणून विचारलं तर तो पुढे करा. त्यात प्रत्येक मुलाचं नाव आहे. मुख्याध्यापकांनाही तोच दाखवा.

वडिलांना उत्तर लेखी द्या, लांबलचक नको. ‘आपलं म्हणणं योग्य आहे. तक्त्याच्या कामाचे सारखे गुण रद्द करत आहे, यापुढे प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद त्याच्या स्वतःच्या लेखी व तोंडी कामावर होईल आणि घरी करायचं गटाचं काम दिलं जाणार नाही. आपली मुलगी वर्गातल्या गटात बसेल.’ शेवटचं वाक्य गाळू नका. तिला गटातून काढण्याची सोय देऊ नका, कारण एकदा ती दिली की पुढच्या आठवड्यात आणखी चौघांच्या चिठ्ठ्या येतील आणि त्या सगळ्या हुशार मुलांच्या असतील.

पहिल्यांदा फसेल. चिठ्ठ्या कमी पडतील, दोन गट रुसतील, वाडीचा प्रश्न सुटायच्या आत घंटा होईल. दुसऱ्यांदा वेळेत बसेल. तिसऱ्यांदाही एकटीच राबतेय असं दिसलं तर मला पुन्हा लिहा, पण पत्रासोबत मुलांना दिलेला कामाचा कागद जोडून पाठवा. तो पाहिल्याशिवाय मला पुढचं काही सांगता येणार नाही.